डोंगरातल्या चर्चबाहेर ठेवलेली काळजी

कातळपाड्याच्या डोंगरात कोरलेल्या जुन्या चर्चमध्ये चपला घालून गेलेलं चालतं, पण काळजी बाहेर काढून ठेवावी लागते.

हे आम्हाला तिथे पोचल्यावर कळलं. रेवाचे पप्पा पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कंपनीत कामाला आहेत. कंपनीने वर्षाची सहल काढली होती. सकाळी गुहेतलं चर्च बघायचं, मग जेवण, मग समुद्र. मला यायचं नव्हतं. आमची रेवा सव्वा वर्षाची. दिवाळीनंतर तिला तापात आकडी आली होती. डॉक्टर म्हणाले, काही मुलांना येते, मोठी झाली की थांबते, तुम्ही फक्त ताप चढू देऊ नका. ताप चढू द्यायचा नाही म्हणजे तो चढत असताना कुणीतरी जागं पाहिजे. तेव्हापासून मी रात्रीची झोपत नाही. म्हणजे आडवी होते, पण तिने कूस बदलली की मी उठून बसलेली असते. कपाळाला हात लावायचा, नाकाशी बोट धरायचं, परत आडवं व्हायचं. सकाळी भाकरी थापताना माझे डोळे मिटतात आणि भाकरी एका बाजूने जाड होते. सासूबाई बोलत नाहीत, जाड बाजू गपचूप माझ्या ताटात वाढतात.

चर्चच्या तोंडाशी पाटी होती. "छत जुने आहे. अभ्यागतांनी आपापली काळजी बाहेर ठेवून मगच प्रवेश करावा. आत नेल्यास होणाऱ्या परिणामास समिती जबाबदार राहणार नाही." पाटीखाली स्टुलावर एक बाई बसल्या होत्या. लाल काठाचं लुगडं, गळ्यात क्रूस, हातात वाळ्याचा पंखा. त्यांचं नाव रेजिनामावशी.

"खरंच छताला भार होतो का हो?" रेवाच्या पप्पांनी विचारलं.

"वर बघा ना," मावशी म्हणाल्या. "ती चीर दिसते? मागे एक वकीलसाहेब तशीच घेऊन गेले होते. ऐकेनात. त्या दिवसाची आहे ती."

आम्ही चीर बघितली. मोठी होती.

"लेकराची पण काढायची का?" मी विचारलं.

"तिला कुठली आलीय अजून? त्यांना भूक असते. भूक आत चालते."

काळजी काढायला अवघड नाही. पायरीवर बसायचं, मान पुढे टाकायची, मानेच्या मागून ती आपोआप सुटते. रेवाच्या पप्पांची खिशातून किल्ली निघावी तशी निघाली. मशीनचा पट्टा तुटेल एवढीच त्यांची काळजी, ती त्यांनी कपारीत ठेवली आणि हात झटकले. त्यांच्या सुपरवायझरची बायको, शेवाळेवहिनी, त्यांची मुलाच्या दहावीची होती. त्यांनी ती घडी घालून रुमालात बांधली आणि वर दगड ठेवला. माझी निघता निघेना. निघाली तेव्हा ओल्या चादरीसारखी लांबच्या लांब पायरीवर पसरली. मागचे लोक थांबून बघायला लागले.

"अगं, एवढी?" रेवाचे पप्पा म्हणाले.

मी ती उचलली आणि कपारीकडे गेले. आमच्या गावच्या जत्रेत माझ्या नव्या चपला गेल्या होत्या, तेव्हापासून माझी आई सांगते, एक इथे ठेवायची, एक तिथे. एकटी चप्पल कुणी नेत नाही. मी काळजीचे दोन भाग केले. ओढल्यावर ती मधोमध शिवणीवर उसवावी तशी सरळ फाटली. एक भाग दिवसाचा होता, मोरीतली बादली आणि पलंगाची कड आणि तोंडात घातलेलं बटण यांचा. दुसरा रात्रीचा. दिवसाची मी इतरांच्या शेजारी ठेवली. रात्रीची पाण्याच्या टाकीमागे, करवंदीच्या जाळीखाली सरकवली.

"बाई, एका जागी ठेवा," रेजिनामावशी म्हणाल्या. "इथं चोरी नाही होत."

"देवळाबाहेर पण असंच म्हणतात, मावशी."

"बरं, तुमची मर्जी."

आत गार होतं. खांब चर्चहून जुने असावेत, त्यांच्यावरची फुलं कुणीतरी चुन्याने भरून टाकली होती आणि चुना पडून ती परत वर आली होती. समोर लाकडी वेदी, तिच्यावर एका संताची मूर्ती. तिचं नाक झिजून गेलं होतं. वटवाघळांचा वास आणि मेणाचा वास एकमेकांत मिसळला होता. गाईड माहिती सांगत होता आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं, पण सगळ्यांचे चेहरे ऐकत असल्यासारखे होते. मी बाकावर बसले. किती महिन्यांनी मी नुसती बसले होते. रेवा मांडीवरून उतरली आणि बाकाला धरून चालायला लागली. मी तिच्याकडे बघितलं आणि मला वाटलं, हिची हनुवटी पप्पांवर गेलीय. एवढंच वाटलं. ती बाक संपवून पुढे निघाली, मेणबत्त्यांच्या लोखंडी स्टँडकडे. खालच्या ओळीतल्या मेणबत्त्या तिच्या तोंडाच्या उंचीला येत होत्या. तिने हात पुढे केला. मी बघत होते. तिचे पप्पाही बघत होते. शेवाळेवहिनी म्हणाल्या, "बाई, किती गोड चालते!"

खांबामागून एक किडकिडीत बाई धावत आली आणि तिने रेवाला उचलून आणून माझ्या मांडीवर आदळलं.

"तुमची ना?"

"हो," मी म्हटलं.

"धरून ठेवा."

ती ॲग्नेस. समितीने तिला पगारावर ठेवलं आहे. आत आलेल्या माणसांपैकी कुणालाच कशाची काळजी नसते, म्हणून एका बाईला ती बाळगायची परवानगी आहे. ती अंगाने बारीक असल्यामुळे छताला चालते, असं गाईड म्हणाला. ती दिवसभर खांबामागे उभी राहून सगळ्यांची मुलं, म्हातारी माणसं आणि मेणबत्त्या बघते. तिच्या डोळ्यांखाली माझ्यासारखीच काळी वर्तुळं होती. मी तिला म्हटलं, "दमत असाल." ती म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी घरी जाऊन निजते. तुम्हाला सुट्टी कधी?" मी हसले.

बाहेर आल्यावर दिवसाची काळजी होती तिथे होती. घातल्याबरोबर मी रेवाचे हात उलटसुलट करून बघितले, कुठे भाजलं नाही ना. मग टाकीमागे गेले. करवंदीखाली माझी रात्रीची नव्हती. तिच्या जागी सुपारीएवढी, सुकलेली, कुणाची तरी वेगळीच काळजी पडली होती.

मी आरडाओरडा केला. रेजिनामावशी पंखा घेऊन आल्या. वाकून बघितलं.

"नेली कुणीतरी," त्या म्हणाल्या. "तुम्ही आत होतात तेव्हा ज्येष्ठ नागरिकांची बस सुटली. ते लोक घाईत एकमेकांचे चष्मेसुद्धा घालून जातात."

"पण तिथे मागे कशाला गेला असेल माणूस?"

"म्हातारे असेच मागे जातात हो. लघवीला."

"आता मी काय करू?"

"जी उरली ती घेऊन जा. ज्याची गेली त्याने उरलेली न्यायची, असा नियम आहे. रात्री इथं काही ठेवता येत नाही. दव पडलं की फुगतात, सकाळी कपारीतून निघत नाहीत."

"मावशी, माझ्या मुलीला आकडी येते. रात्री उठणारी तीच होती."

मावशींनी पंखा हलवायचा थांबवला. "समितीकडे तक्रार करता येईल," त्या म्हणाल्या. "समिती ईस्टरनंतर बसते."

खालून बसचा हॉर्न वाजला. शेवाळेवहिनी म्हणाल्या, "वहिनी, चला हो. घरी गेल्यावर दुसरी होईल. काळजीला काय तोटा?" सगळे हसले. रेवाच्या पप्पांनी ती सुपारीएवढी काळजी उचलून माझ्या मानेमागे ठेवली. कुणीतरी मागून गार बोट लावावं तशी लागली. समुद्रावर मी पाण्याकडे पाठ करून रेवाचा फ्रॉक मुठीत धरून बसले. दिवसाची होती तोवर मला एकच घोर होता, की रात्री मला घोर वाटणार नाही.

आणि तसंच झालं. घरी आलो, दिवा लागला, दिवसाची मंद झाली, आणि मी झोपले. अंगावर पांघरूण घेतलेलंही आठवत नाही. त्या परक्या काळजीने एकदाच जाग आली. कुलूप ओढून बघितलं का? आमच्या दाराला कडी आहे, कुलूप नाही. पण मला एक निळं दार दिसलं, त्याला पितळी कुलूप. मी एसटीच्या थांब्यावर उभी आहे आणि आठवत नाही की कुलूप ओढून बघितलं का. थांब्यावर पाटी आहे, बंदरपाखाडी. मग, ओढलं असेल, असं वाटून परत झोप. अशी झोप मला लग्नाआधी लागायची.

काही रात्री अशाच गेल्या. माझ्या अंगावर तेज आलं, असं शेजारची म्हणाली. भाकरी सारख्या जाडीच्या व्हायला लागल्या. मग एका सकाळी मला जाग आली ती सासूबाईंच्या हाकेने.

"कांचन! ऊठ! पोरगी तव्यासारखी तापलीय. रात्रभर ओकून अंथरूण भिजलंय. तुला जाग नाही आली?"

"नाही," मी म्हटलं.

"आई आहेस का कोण आहेस?"

दिवसाची काळजी अजून नीट उगवली नव्हती, म्हणून मला तेव्हा काहीच वाटलं नाही. खिडकीत ऊन आलं आणि मग सगळं एकदम वाटलं. रेवाच्या ओठांवर ओकारी सुकून पापुद्रे धरले होते. आकडी आली नव्हती. की येऊन गेली, ते सांगायला कुणी जागं नव्हतं. मी मोरीत जाऊन रडले आणि तिला पुसून काढलं. डॉक्टरांकडून आल्यावर रेवाच्या पप्पांना म्हटलं, "बंदरपाखाडीला जायचं."

"कुठे शोधणार माणूस?"

"निळं दार आहे. मला रस्ता ठाऊक आहे. रोज रात्री मी तिथून थांब्यापर्यंत येते."

ताप उतरल्यावर त्यांनी रजा टाकली. कारण विचारल्यावर शेवाळेसाहेबांना त्यांनी खरं तेच सांगितलं, बायकोची काळजी बदलली गेलीय, आणायला जातोय. साहेब म्हणाले, "हो, ते करून घ्या. माझ्या मेव्हण्याचं असंच राहून गेलं."

बंदरपाखाडीत उतरलो. पुढे सुक्या मासळीचा वास, डाव्या हाताला जाळी लावलेली विहीर, मग निळं दार. दाराला कुलूप नव्हतं. दार सताड उघडं होतं. आत एक म्हातारे गृहस्थ आरामखुर्चीत बसले होते, बनियन आणि लेंगा, डोळे लाल. पाटावर थर्मामीटर होतं, तापाच्या औषधाची बाटली होती, घडी केलेली ओली फडकी होती. घरात दुसरं कुणी नव्हतं.

त्यांनी रेवाकडे बघितलं आणि ते खुर्चीतून उठून उभे राहिले.

"ही का?" ते म्हणाले.

"ही," मी म्हटलं.

"श्वास बरा आहे ना?"

"बरा आहे."

ते खाली बसले. त्यांचं नाव दत्ताराम चुरी. गावाच्या पाणीपुरवठ्यात ते व्हॉल्व्ह सोडायच्या कामावर होते, आता निवृत्त. बायको वारली, मूल नाही. त्यांनी आम्हाला पाणी दिलं आणि रेवाच्या पप्पांनी सरळ मुद्द्याला हात घातला.

"काका, तुम्ही चर्चच्या टाकीमागून आमची काळजी आणलीत."

"आणली. माझीही तिथेच ठेवली होती, अंधार होता. हाताला लागली ती घातली."

"सकाळची वेळ होती ना?"

"झाडाखाली होता अंधार," काका म्हणाले. मग म्हणाले, "बसमध्ये कळलं मला, की ही माझी नाही. माझी एवढीशी. ही मानेवर अशी ऊबदार पडली. मी म्हटलं, उतरताना सांगू. मग सांगितलं नाही. माझ्या घरात कुलूप सोडलं तर काळजी करण्यासारखं काही नाही हो, ताई."

मला राग आला होता, तो बाहेर काढायची तयारी मी एसटीत करून आले होते. पण त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. ते डोळे मी ओळखत होते. आरशात रोज बघायचे.

"गेल्या बुधवारी रात्री ताप होता का तिला?" त्यांनी विचारलं.

"होता. तुम्हाला कसं कळलं?"

"कळत नाही. मला रोजच वाटतं. बुधवारी वाटलं, गुरुवारीही वाटलं. पोर कुठे आहे ते ठाऊक नाही, नाव ठाऊक नाही, कपाळ नाही हात लावायला. मी उठून ओली फडकी करतो आणि घेऊन बसतो. गावभर विचारलं, कुणाचं बाळ तापाने आजारी आहे का. लोकांना वाटलं मला लागीर झालंय."

"मग परत द्या की," रेवाचे पप्पा म्हणाले.

"देतो ना." काकांनी मान पुढे टाकली. काळजी निघाली. ती मी ठेवली होती त्याहून भरली होती, नीट वाळवून, कडेने टीप मारल्यासारखी. माझी उसवलेली कड त्यांनी कशीतरी नीट केली होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. मी हात पुढे केले.

मला तिचं वजन ठाऊक होतं. नाकाशी धरलेलं बोट, सकाळची जाड भाकरी, भिंतीला डोकं टेकून ढवळलेलं वरण. आणि दुसरीकडे ओकारीचे सुकलेले पापुद्रे. काळजी पाहिजेच होती. त्यात वाद नाही. पण ती कुणाच्या मानेवर पाहिजे, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"काका," मी म्हटलं, "तुमच्याकडे फोन आहे का?"

"आहे."

"तुम्हाला रात्री जाग आली की फोन कराल?"

रेवाच्या पप्पांनी माझ्याकडे बघितलं. "अगं, काय बोलतेस?"

"इथून त्यांना कपाळाला हात लावता येत नाही. आपल्याकडे कपाळ आहे. त्यांनी उठायचं, फोन करायचा. आपण हात लावून सांगायचं."

"आपण म्हणजे कोण?"

"फोन तुमच्या उशाशी असतो," मी म्हटलं.

त्यांनी खिशातून फोन काढून बघितला. मग त्यांनी काकांना नंबर सांगितला आणि एकेक आकडा परत म्हणून घेतला. काकांनी विचारलं, "किती वेळा केला तर चालेल?" रेवाचे पप्पा म्हणाले, "तुम्हाला वाटेल तेवढा करा, पण आधी एक मिस्ड कॉल द्या, म्हणजे मी उठून बसेन." काकांनी काळजी परत मानेवर घेतली आणि डोळे मिटून थोडे हलून ती नीट बसवली. मी त्यांची कुलपाची काढून त्यांच्यापुढे धरली. ते म्हणाले, "पाटावर ठेवा. आता मी कुठे जात नाही, दार उघडंच असतं." निघताना त्यांनी रेवाच्या कपाळाला हात लावला. बराच वेळ लावून ठेवला. रेवाने त्यांचा अंगठा तोंडात घातला.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. "परक्या माणसाच्या हाती पोरीची रात्र देऊन आलात?" त्या म्हणाल्या. "त्याला झोप लागली तर?"

"नाही लागायची, आई. ती माझी आहे, मला ठाऊक आहे ती."

"आणि आमच्या पोराने रात्रीचं उठायचं?"

सासूबाईंनी खडे काढले, तांदूळ पाखडले आणि म्हणाल्या, "मग त्याच्या उशाशी तांब्या भरून ठेव. उठला की त्याला तहान लागते."

मी तांब्या भरून ठेवला आणि झोपले.

सकाळी उठले तेव्हा रेवाचे पप्पा चहा ठेवत होते. गॅससमोर उभ्या उभ्या त्यांची मान पुढे कलत होती.

"आला होता?" मी विचारलं.

"आला होता. परत परत आला. आधी कपाळ बघा म्हणाले. मग म्हणाले, पायाचे तळवे बघा, तळवे गार असले तर आतून ताप चढत असतो."

"होते?"

"होते. मोजे घातले. पांघरूण काढलं. मग काकांनी मला फोन चालू ठेवून तिच्या नाकापाशी धरायला लावला. ते ऐकत बसले. मीपण बसलो ऐकत." त्यांनी जांभई दिली. "तू रोज हे करायचीस?"

"हो."

"मला कधी ऐकू कसं आलं नाही?"

चहा उतू गेला. त्यांनी बघितला नाही, मीच बंद केला. कंपनीत ते डबा विसरून गेले.

दुपारी रेवा पलंगाच्या कडेला येऊन खाली वाकून बघत होती. मी तिला पायाला धरून मागे ओढलं, मोरीचं दार लावलं, तोंडातून दोरा काढला आणि काकांना फोन लावला. त्यांनी लगेच उचलला. आवाज बसला होता.

"काय झालं?" ते म्हणाले.

"काही नाही. जेवलात का?"

"जेवलो. ती जेवली का?"

"भात खाल्ला. काका, आता थोडं आडवे व्हा."

"आडवा झालो तर?"

"झोपा म्हणतेय मी. दिवसाची माझ्याकडे आहे."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि फोन तसाच चालू राहिला. मी तो खिडकीत ठेवला आणि रेवाचे कपडे वाळत घालायला लागले.